शास्त्रात गवत, कायद्यात झाड

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बांबू हे गवत आहे असं लिहिलंय. मी मात्र एका बातमीत वाचलं, की अगदी अलीकडेपर्यंत कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होतं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? आणि त्याला काय म्हणावं यावरून एवढा घोळ कशाला? गवत म्हटलं म्हणून गाय बांबू पेंढीने खाणार नाही आणि झाड म्हटलं म्हणून त्याला आंबे लागणार नाहीत.
— एक वाचक, कराड

उत्तर : मुलीचं पुस्तक बरोबर आहे आणि तुमची बातमीही. कराडकडचेच आहात, तेव्हा उसाचं एक कांडं घ्या आणि बांबूच्या तुकड्याशेजारी ठेवून पाहा. तीच पेरं, तेच डोळे. ऊस, ज्वारी, गहू आणि बांबू ही सगळी एकाच कुळातली, म्हणजे गवताच्या कुळातली भावंडं. आंब्याचं खोड दरवर्षी थोडं थोडं जाड होत जातं. बांबूचं तसं नाही. पावसाळ्यात कोंब जमिनीतून वर येतो तो आपली आयुष्यभराची जाडी घेऊनच. दोन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि मग पुढची दोन-तीन वर्षं जागच्या जागी नुसता पक्का होत राहतो. खरा बांबू असतो जमिनीखाली. तिथलं आडवं खोड जगलं, तर वरच्या काठ्या तोडल्या तरी दर पावसाळ्यात नवे कोंब येत राहतात.

आता कायदा. १९२७ सालच्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत ताड-माड, बांबू, वेत, झुडपं आणि चक्क तोडलेल्या झाडांचे खुंटसुद्धा ‘झाड’ या एका शब्दात बसवले होते. इंग्रज सरकारला वनस्पतिशास्त्राचा धडा लिहायचा नव्हता. जंगलातून बाहेर जाणारा विकाऊ माल कुणाच्या परवानगीने जाईल, हे ठरवायचं होतं. तुमच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. ‘झाड की गवत’ हा वाद दिसतो नावाचा, पण आहे मालकीचा.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना ‘गौण वनोपज’ गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मिळाला. गौण वनोपज म्हणजे इमारती लाकूड सोडून वनस्पतींपासून मिळणारं बाकी सगळं : मध, लाख, तेंदूपत्ता, कंदमुळं आणि स्पष्ट शब्दांत लिहिलेला बांबू. झाली ना पंचाईत! एकाच बेटातला बांबू १९२७ च्या कायद्याने झाड आणि २००६ च्या कायद्याने गौण वनोपज. पहिला धरला तर तो वनखात्याचा. दुसरा धरला तर ग्रामसभेचा.

ही पंचाईत खऱ्या अर्थाने सोसली ती मेंढा (लेखा) या गावाने. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे शंभरेक घरांचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. कागद तर हातात आला, पण बांबू विकायचा तर तो गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. तोडायचा हक्क आहे, न्यायचा नाही. घर आपलं आणि किल्ली शेजाऱ्याकडे, असला प्रकार. अखेर मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना कळवलं, की बांबूला गौण वनोपजच माना. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. पुढे २०१२ च्या नियमांनी हा परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडेच सोपवलं.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा २०१७ ची. त्या वर्षी १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढला गेला. याचा फायदा झाला तो शेतात, बांधावर बांबू लावणाऱ्याला. जंगलातल्या बांबूला मात्र त्याने फारसा फरक पडला नाही. कारण त्या कायद्यानुसार जंगलातून आणलेलं साधं गवतसुद्धा ‘वनोपज’च असतं.

प्रश्न : हे सगळं ठीक. पण गावाच्या हाती जंगल दिलं की लोक दोन वर्षांत ते साफ करतील, अशी भीती वाटते. गरिबाला आजची चूल पेटवायची असते, उद्याचा विचार तो कुठून करणार?

उत्तर : भीती जुनी आहे आणि अगदीच निराधारही नाही. पण बांबूच्याच बाबतीत एकदा याची शहानिशा झाली होती, ती सांगतो.

कर्नाटकात दांडेलीच्या परिसरात कागद गिरणीला जंगलातला बांबू कराराने मिळत असे, तोही टनाला एक-दीड रुपयाच्या घरात. त्याच बांबूसाठी सुपं-टोपल्या विणणाऱ्यांना बाजारात याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागत. १९७० च्या दशकात बांबू झपाट्याने आटू लागला, तेव्हा बोट दाखवलं गेलं ते बुरुडांकडे, गावकऱ्यांकडे आणि त्यांच्या गुरांकडे. पाहणीचं काम आलं माधव गाडगीळ यांच्याकडे. पुण्यात वाढलेल्या या शास्त्रज्ञाने बेटं मोजली आणि लोकांशी बोलण्यातही वेळ घालवला.

तिथला काटेरी बांबू, म्हणजे आपला कळक, बुंध्याशी काट्यांचं दाट जाळं विणतो. वनखात्याचा समज असा, की हे जाळं म्हणजे अडगळ, ती काढली की बेटाची वाढ चांगली होते. म्हणून तोडीच्या वेळी काटे साफ केले जात. गावकरी मात्र हे जाळं सोडून वरचा बांबू तोडत. कारण त्यांना ठाऊक होतं, की नवा कोंब या काट्यांच्या आडोशाने वाढतो. काटे गेले की लुसलुशीत कोंबावर गुरं, रानडुकरं, साळिंदरं तुटून पडतात. गाडगीळांच्या पाहणीत गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं. जंगलात बांबू किती आहे याचा सरकारी अंदाजही मुळात फुगवलेला निघाला.

बुरूड फार सद्गुणी होता म्हणून त्याने काटे राखले, असं नाही. पुढच्या वर्षी त्याला त्याच बेटाकडे यायचं होतं. गिरणीला तशी गरज नव्हती. इथला बांबू संपला तर पुढचं खोरं होतं, ते संपलं तर दुसरं राज्य होतं. आणि जो माल जवळपास फुकट मिळतो, तो जपून वापरायचं कारण तरी काय?

तोडणाऱ्या मजुराचंही असंच. बांबूच्या बेटात नवे कोंब बाहेरच्या कडेने येतात, पक्का माल मधे अडकलेला असतो. नियम सांगतो : तीन वर्षांपेक्षा कोवळा तोडू नका, आतला आधी काढा, पावसाळ्यात कुऱ्हाड लावू नका, पहिल्या पेराच्या वर घाव घाला. पण मजुरी नगावर असेल आणि पुढच्या वर्षी काम दुसरीकडे असेल, तर माणूस हाताशी येणारा कडेचा कोवळा बांबूच तोडणार. मधला गुंता वाढतो आणि बेट गुदमरतं. माणूस तोच, कोयता तोच. फक्त परत येण्याचं कारण नाही.

ज्यांना ते कारण मिळालं, त्यांनी काय केलं? मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची सहमती लागते. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. त्यासाठी अभ्यास गट बसतात, बाहेरच्या जाणकारांना बोलावतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तिथे बांबू विकायचा, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही, असं गावाने ठरवलं. तेंदूत रोख पैसा असतो. पण चांगली पानं फुटावीत म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि त्यापायी तेंदूची फळं, म्हणजे टेंभरं, खायला मिळत नाहीत. हातचा पैसा सोडायचा हा निर्णय कुणा अधिकाऱ्याने लादलेला नव्हता.

म्हणून ग्रामसभा म्हणजे जादूची कांडी असंही नाही. व्यापाऱ्याशी घासाघीस, हिशेब, हजेरी, कामाचा आराखडा हे सगळं शिकावं लागतं. जिथे बैठक नावालाच होते आणि दोघे-तिघे करार करून मोकळे होतात, तिथे ठेकेदार तेवढा बदलतो.

शिवाय निसर्गाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. काही दशकांनी अख्ख्या प्रदेशातला बांबू एकदम फुलतो, बी धरतो आणि मरतो. मिझोराममधला मुख्य बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो. १९५९ च्या सुमारास तो फुलला, बी खाऊन उंदीर माजले, त्यांनी शेतं फस्त केली आणि दुष्काळ पडला. त्या दुष्काळात मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच मिझो नॅशनल फ्रंट जन्मला. १९६६ मध्ये बंड झालं आणि ते मिटायला १९८६ चा करार यावा लागला. बांबूच्या फुलोऱ्याकडे दुर्लक्ष केल्याची एवढी किंमत देशाने मोजली आहे. बांबूबरोबर मोह, मध, शेती, तळं राखणारं गाव असा फटका पचवू शकतं. सगळी भिस्त एकाच मालावर ठेवणारं नाही.

प्रश्न : मग ‘शाश्वत विकास’ म्हणजे नेमकं काय? मुलीला परीक्षेसाठी व्याख्या पाठ करायची आहे.

उत्तर : संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये जी व्याख्या दिली तिचा आशय असा : आजच्या गरजा अशा भागवाव्यात, की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवताना अडचण येऊ नये. गुण मिळवायला एवढं पुरे. पण ही व्याख्या ‘काय’ सांगते, ‘कोण’ ते सांगत नाही. पुढच्या पिढीची काळजी घ्या, असं कुणाला सांगायचं? ज्याची पुढची पिढी त्याच बेटाखाली खेळणार आहे, त्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याच्या हातात हक्काचा कागद आणि परवान्याचं पुस्तक मात्र द्यावं लागतं.

आणि हो, विज्ञानाच्या पेपरात तिला बिनधास्त ‘गवत’ लिहू दे. उद्या वकील झालीच, तर उत्तर देण्याआधी तिने विचारावं : बांबू शेतातला की रानातला?