बराकीतली खाज आणि बराकीतली नाती

एका वाचक बंधूंचे पत्र आहे. त्यांची बहीण महिला कारागृहात कच्ची कैदी आहे. अंगाची खाज थांबत नाही म्हणते, तर कोणते मलम पाठवावे? बंधू, मलम परस्पर पाठवू नका. तिला कारागृहाच्या डॉक्टरांकडे तक्रार करायला सांगा, आणि शेजारी झोपणाऱ्या बाईलाही खाज आहे का, ते विचारा. ही बहुधा खरूज असावी, आणि बराकीत खरूज एकटीची नसते.

आरोग्य तपासणीसाठी मी काही वर्षे अशा बराकीत जात असे. पथारीला पथारी लागलेली, चादरी एकमेकींच्या. खरजेचा किडा त्वचेला त्वचा लागून पसरतो. म्हणून ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे, सकाळी अंघोळ, कपडे-चादरी गरम पाण्यात. आठवड्याने पुन्हा एकदा. किडा मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते, घाबरू नये.

पण हीच जवळीक उपयोगीही पडते. "डॉक्टर, हिला पंधरा दिवस खोकला आहे," हे मला रुग्ण क्वचितच सांगे. सांगणारी शेजारीण असे. त्यामुळे थुंकी वेळेवर तपासली जाई. थोरलीला मावशी, बरोबरीच्या त्या बहिणी. (नळावर भांडणेही होतात, ती कुठे होत नाहीत?) घरचे भेटीला फिरकत नाहीत, तिथे हेच गोत. म्हणून सोबतीण जामिनावर सुटली की मागे राहिलेली जेवण टाकते. त्याला "नाटक" म्हणणे सोपे आहे. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, तर ते नैराश्य समजावे. त्यावर उपचार आहेत, आणि ते मागण्याचा तिला हक्क आहे.

सर्वांत अवघड मुलाचा सहावा वाढदिवस. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांपर्यंतच आईजवळ राहू शकते. पुढे नातेवाईक, नाहीतर संस्था. त्याला भरवणाऱ्या, निजवणाऱ्या चार-पाचजणी असतात. तो गेला की सारी बराक गप्प होते, आणि आईचे दुखणे तेवढे कागदावर येते. मूल ज्यांच्याकडे जाईल त्यांनी त्याला मुलाकातीला नेत राहावे. घरी त्याने आईबरोबर मावशीचीही आठवण काढली, तर त्याला गप्प करू नये.