शंभराच्या वरचे युनिट



या अंकात आडसाली लागणीच्या पूर्वतयारीबद्दल लिहायचे ठरले होते. परंतु मार्चअखेर खोडव्याच्या पाहणीसाठी एका सभासदांच्या वस्तीवर गेलो आणि तेथे जे बोलणे झाले ते आधी लिहावे असे वाटले. आडसालीचे पुढच्या अंकात घेऊ. सभासदांचे नाव घालत नाही. "साहेब, हिशोब खुशाल छापा, पण नाव नको, गावात हसं व्हायचं," असे त्यांनीच सांगितले आहे.

दुपारी दोनचा सुमार. ओसरीवर चहाला बसलो होतो. आत पत्र्याच्या खोलीत त्यांची आई, वय पंचाहत्तरीच्या पुढे, ओल्या फडक्याने तोंड पुसत पंख्याखाली बसलेली. सभासद म्हणाले, "औंदा दुसऱ्या हप्त्यातनं एसी घेणार. कमी पडलं तर सोसायटीचं कर्ज काढीन. आईला उन्हाळा निभंना झालाय." मुलाची तळमळ खरी होती. पण मी म्हणालो, "आण्णा, आधी लाईटबिल दाखवा."

बिल २१८ युनिटांचे होते. (शेतीपंपाचे बिल वेगळे येते. येथे फक्त घरचे बोलतो आहोत.)

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. घरगुती विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. महावितरणच्या दरपत्रकात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० हा टप्पा त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि पुढे आणखी महाग. म्हणजे घरात युनिट वाचला तर तो खालचा स्वस्त युनिट वाचत नाही, वरचा महाग युनिट वाचतो. एकूण बिलाला युनिटांनी भागून सरासरी काढणारे बरेच आहेत, आणि त्या सरासरीमुळे बचत नेहमी कमी दिसते. आम्ही वरचा युनिट दहा रुपयांचा धरला. वहन आकार व वीज शुल्क मिळवले तर तो याहून महागच पडतो.

मग तोडणीच्या जुन्या स्लिपेच्या पाठीवर हिशोब मांडला. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, एवढेच लक्षात ठेवायचे. गोठ्यातला ६० वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर, म्हणजे दहा तास, महिन्याला १८ युनिट. पडवी आणि न्हाणीघरातले तसलेच दोन बल्ब, पाच-पाच तास, मिळून आणखी १८. जुन्या चोकच्या दोन ट्यूब, चोकसह प्रत्येकी ५५ वॅट, साडेसोळा. तीन जुने पंखे ७५ वॅटचे, दहा तास, साडेसदुसष्ट. आंघोळीच्या पाण्याचा १५०० वॅटचा रॉड रोज एक तास, ४५. टीव्ही १२, फ्रीज ३६. बेरीज २१३. बिल २१८. पाच युनिटांचा फरक मोबाईल, मिक्सर यांत गेला असेल. आण्णा स्लिपेकडे बघतच राहिले. "म्हणजे म्हशीला रात्री उजेड पाहिजे म्हणून दीडशे-पावणेदोनशे रुपये?" म्हशीने कधी उजेड मागितला होता कोण जाणे.

गोठ्यातला बल्ब बदलून ९ वॅटचा एलईडी लावला तर उजेड जवळपास तेवढाच आणि १८ युनिटांचे २.७ होतात. वाचले १५.३ युनिट, म्हणजे महिन्याला १५३ रुपये. बल्बची किंमत साधारण शंभर. पहिल्याच महिन्यात फिटला. बाकीचे दोन बल्ब आणि दोन ट्यूब बदलल्या की आणखी जवळजवळ २६ युनिट कमी.

पंख्याचे गणित जरा सबुरीचे आहे. नवे बीएलडीसी मोटरचे पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात. एका पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिट, म्हणजे १३५ रुपये वाचतात. पंखा तीन हजारांचा धरला तर बावीस महिने, आणि थंडीत तो बंद असतो हे धरले तर अडीच वर्षे लागतात. म्हणून तिन्ही एकदम घेऊ नयेत. जो सर्वांत जास्त तास चालतो तो आधी बदलावा. घेताना तारांकित लेबल बघावे. २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते बंधनकारक झाले आहे.

आता रॉड. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण ०.५८ युनिट लागतो. रॉड असो वा गिझर, याच्या खाली दोन्ही जाऊ शकत नाहीत. कारण हा पाण्याचा हिशोब आहे, यंत्राचा नाही. तेव्हा येथे रॉडऐवजी गिझर घेऊन भागत नाही, वीजच सोडलेली बरी. आण्णांचा तांब्याचा बंब माळ्यावर पडून होता. आजी आतून म्हणाल्या, "मी मेले तरी मोडीत घालू नका म्हणून सांगितलंवतं." परड्यात तुराट्या, नारळाच्या झावळ्या, शेंड्या भरपूर. बंब उघड्यावर लावला म्हणजे धूर घरात येत नाही. ज्यांना जमेल त्यांनी सौर बंब बसवावा. त्याचे तोंड दक्षिणेला आणि टाकी न्हाणीघराजवळ हवी. नळ लांब नेला तर पहिले बादलीभर पाणी गारच येते. बोअरचे पाणी जड असेल तर क्षार साचतात. अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचा सौर बंब साफ करायला सोपा पडतो.

एवढे सगळे केल्यावर स्लिपेवरचा आकडा २१३ वरून ८६ वर आला. म्हणजे शंभराच्या वरचे सगळेच्या सगळे ११३ युनिट गेले. दहा रुपयांनी महिन्याला १,१३० रुपये, खालच्या टप्प्यातले तेरा-चौदा युनिट वेगळे. पंखे बंद असतात त्या महिन्यांत बचत कमी होईल, तेही सांगून ठेवतो.

पण आजींचा उन्हाळा अजून तसाच होता.

पंखा हवा गार करत नाही, हलवतो. पत्रा तापला की त्याखालची तापलेली हवाच तो अंगावर टाकतो. आणि त्याच खोलीत एसी बसवला तर? दीड हजार वॅटचे यंत्र तापल्या पत्र्याखाली जवळजवळ न थांबता चालणार. सहा तासांचे नऊ युनिट, महिन्याला २७० पर्यंत, आणि तेही सगळे वरच्या दराचे. तेव्हा आधी पत्र्याचे बघायचे. आपली जुनी माळवदाची घरे गार का असत? जाड माती आणि वर पांढरीचा थर. ऊन आत पोचायलाच संध्याकाळ व्हायची.

पत्र्याला एवढी जाडी देता येत नाही, पण पांढरा रंग देता येतो. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा बराच भाग परतवून लावतो. खोली दोन ते पाच अंशांनी गार राहते असा सर्वसाधारण अनुभव आहे. अहमदाबाद शहरात २०१७ साली गरीब वस्त्यांतली छपरे अशीच पांढरी केली गेली. मात्र पत्र्याला चुना लावू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या घरामागच्या शेडवर हौसेने चुना फासला, पहिल्या वळवात निम्मा वाहून गेला आणि राहिलेल्याने पत्र्याचे जस्त खाल्ले. चुना स्लॅबला चांगला. त्यात थोडा फेव्हिकॉल घालून दोन हात द्यावेत. पत्र्याला गंज तारेच्या ब्रशने काढून, गंजल्या जागी प्रायमर देऊन, बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग दोन हात द्यावा. काम सकाळी, पत्रा थंड असताना करावे आणि पाय खिळ्यांच्या रांगेवरच ठेवावा. पाऊस लागायच्या आत उरकावे आणि दरवर्षी होळीनंतर धूळ धुवावी. सिमेंटचा जुना पत्रा मात्र घासू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ छातीला वाईट.

पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत वर झरोके ठेवावेत, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाते. पश्चिमेच्या भिंतीला मांडव घालून घेवडा, दोडका चढवला तर तिसऱ्या प्रहराचे ऊनही अडते. पत्र्यावर पाचट पसरणारे बरेच सभासद आहेत. गारवा मिळतो हे खरे, पण उंदीर, विंचू, आणि एक ठिणगी पडली तर सगळे घर. शिवाय पाचट खोडव्याच्या सरीत पसरा म्हणून मी इतकी वर्षे घसा कोरडा करतो, ते छपरावर कशाला चढवता?

छतावर सौर पॅनेल बसवावे का, असे आण्णांनी विचारले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी तीस हजार रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅटपासून महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात. म्हणजे २१८ युनिटांच्या घराला दोन किलोवॅट लागले असते, ८६ च्या घराला एकही पुरून उरेल. म्हणून आधी खर्च कमी, मग पॅनेल.

परवा त्या वस्तीवर पुन्हा गेलो. पत्रा पांढरा झाला आहे, तट्ट्या लागल्या आहेत, गोठ्यातला बल्ब बदलला आहे, पंखा सध्या एकच. एसीचे दिवाळीला बघू म्हणाले. आजी दुपारी आत लसूण सोलत बसल्या होत्या. गार आहे असे त्या म्हणाल्या नाहीत. "आता बसवतंय," एवढेच म्हणाल्या.

ज्या सभासदांना आपल्या घरचा असा हिशोब करून पाहिजे, त्यांनी बुधवारी सकाळी गट ऑफिसात यावे. येताना शेवटचे बिल आणावे आणि घरातल्या प्रत्येक बल्ब-पंख्यावर किती वॅट लिहिले आहे ते कागदावर टिपून आणावे. नुसते "बिल लई येतंय" सांगून हिशोब होत नाही.

— ऊस विकास अधिकारी