गणेशा सिटी, चित्रशाळा आणि डेडलाइन

सुरुवातीलाच कबूल करते की माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. आणि विषय व्हिडिओ गेमचा आहे म्हणून सर-मॅडमनी लगेच पान उलटू नये, पुढे फ्लोटिंग पॉइंट येणार आहे!

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००३ साली 'बियाँड गुड अँड ईव्हिल' नावाचा गेम काढला. हिलिस नावाचा ग्रह, त्यावर जेड ही फोटो काढणारी मुलगी, आणि माणसासारखी वागणारी-बोलणारी डुकरं आणि गेंडे. खप बेताचा झाला, पण ज्यांनी खेळला ते प्रेमात पडले. २००८ मध्ये दुसऱ्या भागाची झलक आली. एक वाळवंट, एक बंद पडलेली गाडी, बस्स. मग जवळजवळ नऊ वर्षं शांतता. जून २०१७ मध्ये अचानक नवीन ट्रेलर. गाडी नाही, वाळवंट नाही. काळ चोविसाव्या शतकाचा, शनी नावाची मुलगी (होय, शनी, आणि मुलगी!), नॉक्स नावाचं माकड, आणि शहराचं नाव काय तर गणेशा सिटी. शिवाय नाव दुसऱ्या भागाचं असलं तरी गोष्ट पहिल्या भागाच्या आधीची. त्यानंतर जे इंजिनचं प्रात्यक्षिक दाखवलं, त्यात शहराच्या मधोमध गणपतीची अवाढव्य मूर्ती.

हे आम्ही चौघींनी मेसमध्ये रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर बघितलं. मेसच्या मावशी टेबलं पुसत होत्या. फडकं खांद्यावर टाकून त्याही वाकून बघायला लागल्या. आम्हाला वाटलं हात जोडतील किंवा चिडतील. त्यांनी विचारलं, "काय गो बाय, केवढा हा गणपती! ह्याला आणतात कधी नि पोचवतात कधी?"

आम्ही हसलो. पण रात्री झोपताना तोच प्रश्न डोक्यात. कारण त्या ट्रेलरवरच्या चर्चेत मी जे जे वाचलं होतं ते सगळं "फ्रेंच माणसांनी आपला देव घ्यावा का?" याच्याभोवती फिरत होतं. मावशींचा प्रश्न त्याहून अवघड आहे. तो इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे.

आता इथल्या गुहागर तालुक्यातल्यांना मी काय सांगणार, पण मी ठाण्याची, मला हे इथे आल्यावर कळलं. कोकणात घरचा गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. आपला पाट चित्रशाळेत नेऊन देतात, त्या पाटावर मूर्ती घडते. माती येते, अंग घडतं, वाळतं, रंग चढतो आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची रेखणी. रेखणीला हात लावायची परवानगी नवशिक्याला नसते. मग मूर्ती घरी येते, दीड दिवस, पाच दिवस, ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे राहते, आणि पाण्यात जाते. पाट तेवढा घरी परत. म्हणजे इथल्या गणपतीची खरी ओळख आकारात नाही, या येण्या-जाण्यात आहे. कायमची दगडी मूर्तीही असते म्हणा, शेजारी हेदवीला दशभुजा गणेश आहेच. पण त्या मूर्तीलाही रोजची पूजा, नैवेद्य आणि पुजारी आहेत. नुसतीच उभी असलेली, जिच्यासाठी कोणी काही करत नाही, अशी मूर्ती म्हणजे देखावा.

गेमच्या भाषेत सांगायचं तर संस्कृती दोन ठिकाणी घालता येते. एक टेक्स्चरमध्ये, म्हणजे भिंतीवर, कपड्यावर, नावात. दुसरी नियमांत, म्हणजे खेळणाऱ्याला काय करता येतं, काय केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि काय संपतं. टेक्स्चर शेवटच्या महिन्यातही बदलता येतं. नियम बदलता येत नाहीत.

इथे "आपल्या माणसांनी केलं की आपोआप अस्सल" असं म्हणणाऱ्यांनाही जरा थांबवते. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने 'इंडस' नावाचा बॅटल रोयाल गेम २०२२ मध्ये जाहीर केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आणला. त्यांनी स्वतःच त्याला इंडो-फ्युचरिस्टिक म्हटलं. वेशभूषा, इमारती, नावं यांत मेहनत दिसते आणि मला तो आवडतो. पण विमानातून उतरा, हत्यार शोधा, शेवटचा जिवंत तो जिंकला, हा सांगाडा पब्जीसारख्या गेमनी आधीच घालून दिलेला. भारतीय आहे तो वरचा रंग. यात गुन्हा काही नाही, मोबाइलवर खेळणाऱ्या लोकांना ओळखीचा खेळ हवा असतो. मात्र फ्रेंच लोकांना एक माप आणि पुण्याला दुसरं, असं करू नये.

आता फ्लोटिंग पॉइंट. गणेशा सिटीवाल्या गेमचं मोठं आश्वासन हे होतं की गल्लीतून उडायचं, शहराबाहेर, ग्रहाबाहेर, दुसऱ्या ग्रहावर, मध्ये कुठेही लोडिंगचा पडदा नाही. त्यासाठी व्हॉयेजर नावाचं इंजिन बनवायला घेतलं. आता असा कुठलाही गेम घ्या. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये २४ बिट आकड्याच्या अचूकतेला मिळतात. पृथ्वीएवढा ग्रह घेतला, मोजमाप मीटरमध्ये आणि शून्य ग्रहाच्या मध्यभागी ठेवलं, तर पृष्ठभाग येतो साधारण ६४ लाख मीटरवर. हा आकडा दोनचा २२ वा घात आणि २३ वा घात यांच्या मधला. म्हणजे लागोपाठच्या दोन आकड्यांतलं अंतर दोनचा उणे एक घात, अर्धा मीटर! गणपतीची भुवई एकतर इथे किंवा अर्धा मीटर तिकडे. रेखणी करून दाखवा बघू. उपाय आहेत. ६४ बिट वापरा, नाहीतर शून्यबिंदू खेळणाऱ्याबरोबर सरकवत न्या. पण हे पहिल्या दिवशी ठरवावं लागतं. तीन वर्षांनी ठरवलंत तर फिजिक्स, ॲनिमेशन, नेटवर्क, सगळं उसवून परत शिवायचं.

मावशींच्या प्रश्नाचंही नेमकं तेच आहे. "ह्याला पोचवतात कधी" हे पहिल्या दिवशी ठरलं तर शहराचे रस्ते पाण्याकडे जातील, वर्षातले दिवस मोजले जातील, मूर्ती गेल्यावरचा रिकामा चौक कोणीतरी रंगवेल. नंतर आठवलं तर फार तर एक फटाक्यांचा सीन टाकता येतो.

आणि उशीर नुसता वेळ खात नाही, माणसंही खातो. 'ड्यूक न्यूकम फॉरएव्हर' १९९७ मध्ये क्वेक-२ च्या इंजिनवर जाहीर झाला, १९९८ मध्ये अनरीलवर गेला आणि बाहेर पडला जून २०११ मध्ये. तोपर्यंत त्यातले विनोद शिळे झाले होते. २०२२ मध्ये गणेशा सिटीवाल्या गेमने त्या चौदा वर्षांचा विक्रमही मोडला. मधल्या काळात ज्याच्या डोक्यातून हे जग निघालं तो मिशेल ॲन्सेल २०२० मध्ये बाहेर पडला. क्रिएटिव्ह डायरेक्टर एमिल मोरेल २०२३ मध्ये, अवघा चाळिशीचा असताना, वारला. अशा वेळी मूर्तीची फाइल सर्व्हरवर सुरक्षित असते. ती तिथे का ठेवली, कुठल्या बाजूला तोंड करून आणि का, हे फाइलमध्ये नसतं. चित्रशाळेत ते हातातून हातात जातं, कारण दरवर्षी काम पूर्ण होतं. भाद्रपद शुद्ध चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. वीस वर्षांत मूर्तिकाराचे वीस सीझन होतात आणि शिकाऊ पोरगा वीस वेळा रेखणी बघतो. वीस वर्षं एकच गेम चालला तर त्यातला शिकाऊ पोरगा शेवट एकदाही बघत नाही.

हे सगळं मी कोणत्या तोंडाने सांगते, असं आमच्या बॅचचे लोक विचारतील. कारण आमचा मिनी प्रोजेक्ट सगळ्यांना माहीत आहे. 'वेळणेश्वर २३२४'! यादीत काय नव्हतं? उडती एसटी, किनाऱ्यावर तरंगतं हॉस्टेल, बामणघळीतून उसळणाऱ्या लाटेवर चालणारं वीजकेंद्र. (भविष्यकाळ या तालुक्यात एकदा येऊन गेलाय म्हणा. दाभोळ प्रकल्पाची वीज १९९९ मध्ये सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली. आम्ही तेही गेममध्ये भग्नावशेष म्हणून घालणार होतो.) हातात एक सेमिस्टर. पहिले दोन महिने मी एसटीच्या लाल रंगाची छटा जमवण्यात घालवले. सबमिशनला चालू होतं ते एवढंच: एक किनारा, एक एसटी, आणि एसटीतून उतरता येत नाही. व्हायवाला विचारलं गेलं, "यात वेळणेश्वर कुठे आहे?" मी एसटीच्या पाटीकडे बोट दाखवलं. मार्क सांगत नाही.

ती एसटी उघडून आता परत बसलोय. या वेळी उडणं रद्द, २३२४ सालही रद्द व्हायच्या मार्गावर आहे. एकच वाडी, एक चित्रशाळा, सात घरांचे सात पाट, आणि चतुर्थीपर्यंतचे मोजके दिवस. माती वाळायला वेळ लागतो आणि पाऊस चालूच असतो, एवढाच नियम सध्या कोडमध्ये आहे. पाऊस चालतो, वाळणं अजून चालत नाही.

ब्लेंडर येणारं कोणी असेल, किंवा नुसतं चित्रशाळेत बसून बघितलेलं कोणी असेल (दुसऱ्याची जास्त गरज आहे), तर रविवारी नाश्ता झाल्यावर मेसमध्ये या. मावशीही थांबणार आहेत. त्यांच्या दोन अटी आहेत. सोंड डावीकडे, आणि शेवटच्या लेव्हलला पाट घरी परत आला पाहिजे.