रोज घरी येणारं मूल

पालकहो,

दर सत्राच्या शेवटी आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक यादी लागते. 75 टक्के हजेरी न भरलेल्या मुलांची. मुलं तिला 'डिफॉल्टर लिस्ट' म्हणतात. ती लागली की आम्ही तुम्हाला बोलावून घेतो, आणि तुम्ही कामावर अर्धा दिवस टाकून येता. इतक्या वर्षांत कितीतरी आया आणि वडील माझ्या टेबलासमोर बसून गेले. त्यांतल्या एका आईचं बोलणं मात्र मनातून जात नाही. बदलापूरहून आल्या होत्या त्या. मुलगी दुसऱ्या वर्षाला. यादीतलं नाव पाहून म्हणाल्या, "मॅडम, ती काही होस्टेलला नाही हो. रोज घरीच तर येते. मग मला कसं कळलं नाही?"

मुलगी बाजूला उभी होती. पाठीवरची सॅक तिने पुढे घेऊन पोटाशी धरली होती, गर्दीच्या डब्यात धरतात तशी. समोर रिकामी खुर्ची होती, तरी ती बसली नाही.

हळूहळू विचारल्यावर कळलं ते इतकंच. पहिलं लेक्चर सव्वाआठचं. पावणेपाचला उठून, डबा घेऊन ती निघायची. पण बदलापूरला गाडी यायची तीच भरून, लेडीज डब्याच्या दारात पाय ठेवायलाही जागा नसायची. एक गाडी सोडली की पहिलं लेक्चर गेलं. हे तिने घरी सांगितलं नव्हतं, कारण घरून एकच उत्तर आलं असतं, 'अजून थोडं लवकर उठत जा.' पावणेपाचच्या आधी आणखी किती लवकर उठायचं, हे त्या मुलीला उमगत नव्हतं.

त्या आईंचा प्रश्न मी आज तुमच्यासमोर ठेवते आहे. मूल वसतिगृहात राहायला जातं तेव्हा आपण बॅग भरून देतो, लाडूंचा डबा देतो, गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहतो. मूल घराबाहेर पडलं, हे त्या दिवशी आपल्याला नीट कळतं. मग आपण रोज फोन करून विचारतो, जेवलास का, झोप होते का, मित्र कसे आहेत. आपल्या मुंबईच्या घरांत तो फलाटावरचा दिवस येतच नाही. मूल सकाळी जातं, रात्री ताटावर येऊन बसतं. शाळेत होतं तसंच चाललंय असं आपण धरून चालतो. खरं तर ते रोज घर सोडून जात असतं आणि रोज थकून परत येत असतं.

हिशेब करून पाहा. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत दोन तास धरा, परतीचे दोन. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 24 तास होतात. म्हणजे सात दिवसांतला एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र आपलं मूल प्रवासात उभं असतं. विरार, वसई, कल्याण, टिटवाळा, पनवेल, कुठूनही निघा, आकडा थोडाफार इकडेतिकडे होईल इतकंच. कलिन्याला मुंबई विद्यापीठात एम. ए., एम. एस्सी. करणारी मुलं कुर्ल्याला किंवा सांताक्रूझला उतरून पुन्हा बसच्या नाहीतर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहतात. ती रांग वेगळीच.

आपलं विद्यापीठ घडलंच मुळी असं. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. मुलं राहतील कुठे, जेवतील काय, अभ्यास कुठल्या दिव्याखाली करतील, ही बाजू घरांवर सोडलेली. आज मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत या विद्यापीठाची कॉलेजं आहेत, लाखो मुलं शिकतात, आणि त्यांतली बहुतेक रात्री आपापल्या घरी झोपतात. म्हणून म्हणते, या विद्यापीठाचं वसतिगृह म्हणजे तुमचं घर, आणि ते चालवणारे तुम्ही.

हे काम एका बापाने कसं केलं, ते आपण सगळे जाणतो. बाबासाहेब आंबेडकरांनी 1907 साली मॅट्रिकची परीक्षा दिली, तेव्हा ती मुंबई विद्यापीठच घेत असे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब. अभ्यासाला कोपरा मिळणार कुठून? रामजी सुभेदारांनी मुलाला संध्याकाळीच झोपवायचं ठरवलं. स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण अंग टाकायचे. खोली वाढवणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून त्यांनी आपली झोप दिली. पुढे बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा वर्ग सकाळच्या वेळी ठेवले, नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावं म्हणून. विद्यार्थ्याच्या दिवसात अभ्यासाला जागा कुठे उरते, याचा विचार त्यामागे होता.

आपल्याकडेही वन रूम किचन असतं, आजी-आजोबा असतात, टीव्ही असतो. मान्य आहे. पण रात्री नऊ ते अकरा टीव्ही बंद, एवढं घरात सगळ्यांनी मिळून ठरवता येईल की नाही? मूल दारातून आत आलं की पहिली वीस मिनिटं काहीही विचारायचं नाही, हे जमेल की नाही? 'उशीर का?', 'टेस्टचे मार्क आले का?' हे जेवण झाल्यावर विचारा. दोन तास लोकांचे कोपर बरगडीत घेऊन आलेल्या माणसाला आधी पाणी आणि पाठ टेकायला जागा हवी असते.

आता जरा अवघड विषय. दुपारचे चार वाजत आले की आमच्या कॉलेजमध्ये जे होतं ते तुम्ही कधी पाहिलेलं नसतं. एकांकिकेची तालीम रंगात आलेली असते, ग्रंथालयात कुणाला हवं ते पुस्तक नुकतंच सापडलेलं असतं, प्रयोगशाळेत कुणी सरांना मनापासून काही विचारत असतं. आणि पाच-सहा मुलं एकदम मोबाइलवर वेळ बघतात, वह्या कोंबतात आणि पळत सुटतात. पाच वाजले की गाडीत शिरता येत नाही, आणि घरी 'सातच्या आत' असं ठरलेलं असतं. कॉलेजचं खरं जगणं लेक्चरनंतर सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच लांबून येणारं मूल तिथे नसतं. तीन वर्षांनी त्याच्या हातात गुणपत्रिका येते, पण मैत्री, वाद, रंगमंच, ग्रंथालयातली संध्याकाळ यांतलं फार थोडं पदरात पडलेलं असतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलले, तेव्हापासून हे आणखी महत्त्वाचं झालं आहे. क्षेत्रीय प्रकल्प, समाजकार्य, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांनाही आता श्रेयांक आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. दरवर्षी काही मुली डोळ्यांत पाणी आणून सांगतात, शिबिराला घरून नाही म्हणाले. सात दिवस एखाद्या गावात बंधारा बांधायचा, शाळेच्या भिंती रंगवायच्या, रात्री एकत्र पिठलं-भाकरी खायची. रोज घरी परतणाऱ्या मुलीला आपल्या पायांवर सात दिवस राहून बघण्याची ती पहिली संधी असते. शिक्षक बरोबर असतात. येऊन भेटा, चौकशी करा, पण जाऊ द्या.

काळजी तुम्हाला असणारच, मलाही असते. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ वळणावर गाड्यांच्या दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडले, काहींचा जीव गेला. त्या आठवड्यात मी वर्गात हजेरी घेताना प्रत्येक नावाला डोळे वर करून पाहत होते. म्हणून एक वाक्य तुमच्या तोंडून मुलांनी पुन्हा पुन्हा ऐकायला हवं: 'लेक्चर बुडलं तरी चालेल, भरलेली गाडी सोडून दे.' आम्ही शिक्षक कितीही सांगितलं तरी घरच्या ओरड्याची भीती मोठी असते, आणि त्या भीतीनेच मुलं दारात लटकतात. रेल्वेचा 139 हा मदत क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये आहे ना, तेही एकदा बघून घ्या. आणि एखाद्या विषयात नापास होऊन केटी लागली तर ती आधी तुम्हाला सांगावी, असं मुलाला वाटलं पाहिजे. केटी सुटते. लपवण्याची सवय लागली की ती सुटायला वर्षं जातात.

शेवटी माझं स्वतःचं सांगते. मी डोंबिवलीची. एफ. वाय.ला एकांकिकेत काम मिळालं, आणि बाबांनी नाही म्हटलं. दिवेलागणीच्या आत घरात, हा त्यांचा नियम. मी भांडले नाही, गप्प बसले. दोन महिने घरात फक्त कामापुरतं बोलत होते. पुढच्या वर्षी पुन्हा निवड झाली, तेव्हा बाबांनी बराच वेळ पेपर हातात धरून ठेवला आणि मग विचारलं, "कुठली गाडी पकडशील?" मी सांगितलं. तेव्हा मोबाइल नव्हते. त्या महिनाभर तालमीच्या रात्री मी डोंबिवलीला लेडीज डब्यातून उतरायचे तेव्हा बाबा पुलाच्या जिन्याशी उभे असायचे, हातात भाजीची पिशवी. जणू भाजी घ्यायलाच आले होते आणि सहज भेट झाली. घरी जाईपर्यंत ते काही विचारायचे नाहीत. मीच सांगत सुटायचे, कोण काय विसरलं, सर कुणावर चिडले, माझा प्रवेश कसा झाला. त्या पंधरा मिनिटांच्या चालण्यात बाबांना माझं कॉलेज जितकं कळलं, तितकं आधीच्या अख्ख्या वर्षात कळलं नव्हतं.

बदलापूरच्या त्या आईंना मी त्या दिवशी हेच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठताना त्यांनी मुलीच्या पोटाशी धरलेली सॅक काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. ओझं बघून क्षणभर थांबल्या. "एवढं रोज?" एवढंच म्हणाल्या. मग दोघी मिळून गाडीला गेल्या.

आज रात्री तुमचं मूल घरी येईल, तेव्हा तुम्हीही एकदा ती सॅक हातात घेऊन बघा.