उजवीकडून सुरू होणारा फॉर्म

पोरी, मस्कतच्या दवाखान्यातल्या रुग्ण-नोंदणीचं काम तुझ्याकडे आलंय, तर स्क्रीनला हात लावण्याआधी तिथला कागदी अरबी फॉर्म मागवून घे आणि काउंटरवरचा माणूस तो कसा भरत जातो ते नीट बघ. पहिला रकाना वर उजवीकडे, लेबल रकान्याच्या उजव्या हाताला, दुसरी उभी ओळ डावीकडे. टॅब दाबल्यावर कर्सरनेही तोच रस्ता धरला पाहिजे. फॉर्म दिसतो उजवीकडून आणि टॅब पळतो डावीकडून, असं झालं की दिवसभर तो भरणाऱ्याचे हाल होतात.

वेब फॉर्म असेल तर अख्ख्या पानाची दिशा मुळातच ‘आरटीएल’ ठेव. सीएसएसमध्ये ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ लिहू नकोस, ‘इनलाइन-स्टार्ट’ आणि ‘इनलाइन-एंड’ लिही, म्हणजे इंग्रजी आणि अरबी अशा दोन शैली सांभाळत बसावं लागणार नाही. ॲक्सेसवर काम असेल तर फॉर्मचं ‘ओरिएंटेशन’ आणि प्रत्येक कंट्रोलचा ‘रीडिंग ऑर्डर’ बघशीलच, पण ‘कीबोर्ड लँग्वेज’सुद्धा लावून ठेव. नावाच्या रकान्यात शिरताच कीबोर्ड अरबी, पासपोर्टच्या रकान्यात इंग्रजी. एवढ्यानंही टायपिंग करणाऱ्याचा बराच त्रास वाचतो.

आता आकड्यांचं. माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी इथेच घ्यायला हवी. अरबी मजकूर उजवीकडून चालतो, पण त्यातली संख्या डावीकडूनच वाचली जाते. हा मेळ युनिकोडचा द्विदिशा-नियम घालतो, आणि मध्ये चिन्हं किंवा मोकळ्या जागा आल्या की निकाल आपल्याला अपेक्षित नसतो. ओमानचा फोन कोड +९६८. उजव्या दिशेच्या रकान्यात अधिकचं चिन्ह संख्येच्या उजव्या टोकाला जातं आणि जागा सोडून लिहिलेले नंबरचे तुकडे एकमेकांची जागा घेतात. म्हणून फोन, ईमेल, पासपोर्ट या रकान्यांची दिशा कायम डावीकडून उजवीकडे बांधून टाक.

औषधाच्या मात्रेत हेच जिवावर बेतू शकतं. आपल्याकडचे डॉक्टर सकाळी एक गोळी म्हणून १-०-० लिहितात, आणि आखाती देशांत आपले डॉक्टर पुष्कळ आहेत. रकान्यात इंग्रजी आकड्यांत एवढंच लिहिलं तर ते जसंच्या तसं दिसतं. पण त्याआधी एखादा अरबी शब्द आला, की तीच नोंद ०-०-१ अशी दिसते. डावीकडून वाचणारी परिचारिका ती गोळी रात्री देईल. डेटाबेसमध्ये मात्र काहीच बदललेलं नसतं. त्यामुळे मात्रेसाठी मोकळा रकाना ठेवूच नकोस. सकाळ, दुपार, रात्र असे तीन वेगळे रकाने कर, प्रत्येकाला लेबल दे, आणि छापील चिठ्ठीवरही ते तसेच वेगळे ठेव.

‘उलटं दिसतंय, मग उलटंच साठवू’ असं कोणी म्हणालं तर साफ नाही म्हण. पूर्वी हिब्रू मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवायची पद्धत होती. त्यात ओळ मोडली की वाक्याचा अर्थ मोडायचा आणि शोध घेणं अवघड व्हायचं. मजकूर टाइप होतो त्याच क्रमाने साठव.

शोधाचा प्रश्न वेगळा आहे. काउंटरवर एकाचा कीबोर्ड अरबी असेल, दुसऱ्याचा उर्दू. दोन्हींतला ‘काफ’ आणि ‘ये’ शब्दात बहुधा सारखेच दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. एकाने नोंदवलेला रुग्ण दुसऱ्याला सापडत नाही, मग त्याची पुन्हा नोंद होते आणि जुना इतिहास बाजूला पडतो. अरबी आकडे आणि फारसी-उर्दू आकडे यांचंही तेच. यावर उपाय म्हणजे मूळ नाव न बदलता शेजारी शोधासाठी एक स्तंभ ठेवणं. त्यात ही अक्षरं एकसारखी कर, स्वरचिन्हं काढ, हमजा असलेला आणि नसलेला अलिफ एकच धर, आकडे एकाच संचात आण.

नावाचे रकाने पाश्चात्त्य साच्यातून उचलू नकोस. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे त्या साच्यात कसं कोंबावं लागतं ते तुला माहीत आहे. ओमानी नावात स्वतःचं, वडिलांचं, बऱ्याचदा आजोबांचं आणि मग कुळाचं नाव येतं. लग्नानंतर बायका सहसा नवऱ्याचं नाव लावत नाहीत, त्यामुळे आडनाव जुळलं नाही म्हणून नवरा-बायकोच्या नोंदीवर शंका घेणारी तपासणी लावू नकोस.

चिन्हांपैकी मागे-पुढे नेणारे बाण उलटव. घड्याळ आणि बरोबरची खूण आहे तशीच राहू दे. अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, जोडलेली अरबी अक्षरं तुटतात.

पुढे उर्दू जोडायची झाली तर ओळीची उंची आधी वाढव. नस्तालिक लिपी तिरकी उतरत जाते, तिला अरबीपेक्षा बरीच जास्त उंची लागते. आखूड रकान्यात आपल्या वेलांट्या आणि रफार कापले जातात ना, तसेच तिचे वरखालचे नुक्ते जातात. नुक्ते गेले की ‘बे’ आहे की ‘ते’ हे कळत नाही आणि नावच बदलतं. चाचणीला उगाच चार अक्षरं टाकून भागवू नकोस. लांब नावं, इंग्रजी औषधं आणि फोन नंबर एकाच नोंदीत भर, ती स्क्रीनवर बघ, छापून बघ, आणि तिथल्या परिचारिकेला मोठ्याने वाचायला सांग.