काचेच्या टाकीतली हिरवळ : थोडा उजेड, थोडा खर्च, नीट आखणी

मैत्रिणींनो, बारामतीत दवाखान्यात जा, हॉटेलात जा, काचेची माशांची टाकी दिसतेच. ती बघून गटातल्या ताई विचारतात, टाक्या तयार करून देण्याचा, त्यांची देखभाल करण्याचा जोडधंदा आपल्याला जमेल का? जमेल. पण अंतर्गत कर्जाचा अर्ज लिहिण्याआधी घरात एक छोटी टाकी तीन महिने चांगली चालवून बघा. या पाठात तीच पहिली टाकी आखू या : खऱ्या रोपांची, पण कमी उजेडात चालणारी.

कमी उजेडच का?
उजेड जास्त दिला की रोपं भराभर वाढतात. मग त्यांना खत लागतं, गॅसचा सिलिंडर लागतो. ते कमी पडलं की शेवाळ माजतं. सावकाश वाढणारी रोपं घेतली तर एका छोट्या एलईडी दिव्यावर भागतं. नवशिकीने इथूनच सुरुवात करावी.

१. माप आणि जागा
दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्या. वाळू घालून, वर थोडी जागा सोडून त्यात साधारण ४५ लिटर पाणी बसतं. फार लहान टाकी घेऊ नका, कारण थोड्या पाण्यात घाण आणि उष्णता लवकर वाढते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. काच, वाळू, दगड धरून ६५-७० किलो होतं, म्हणून टेबल भक्कम हवं. खिडकीचं ऊन टाकीवर येऊ देऊ नका. पत्र्याच्या खोलीतही ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात इंदापूरकडचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो.

२. पाणी
आपल्या भागातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. पातेल्यात पाणी उकळा. पांढरा थर बसला तर पाणी जड आहे असं समजा. घाबरू नका, जड पाणी गप्पी आणि मोली माशांना मानवतं. पाणी अगदीच खारट असेल तर त्यात पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळा. नुसतं आरओचं पाणी मात्र वापरू नका, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि मासे व रोपं दोघांनाही थोडे क्षार लागतात. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ते पाणी बादलीत उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा.

३. वाळू आणि दगड
जाडसर वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि दोन इंच थर द्या. आपला काळा दगड चांगला. दुसरा दगड घ्यायचा असेल तर त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी आणखी जड करील.

४. रोपं
सुरुवातीला एवढीच घ्या :
- जावा फर्न आणि अ‍ॅन्युबियास : आल्यासारखं त्यांचं जाड खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं तर कुजतं. दोऱ्याने दगडाला बांधा.
- वॅलिसनेरिया : गवतासारखी लांब पात. मुळं वाळूत, पांढरा बुडखा वर. मागच्या बाजूला लावा.
- जावा मॉस : दगडावर पसरून बांधा. पिल्लांना लपायला जागा होते.

५. उजेड आणि वीज
दिवा रोज ६ ते ७ तास, ठरलेल्या वेळी लावा. १० वॅटचा दिवा रोज ७ तास म्हणजे महिन्याला साधारण २ युनिट. ५ वॅटचा फिल्टर दिवसरात्र चालला तर साडेतीन युनिटच्या आसपास. मिळून सहा युनिटच्या आतच. काचेवर शेवाळ दिसलं तर औषध आणायला पळू नका, आधी दिवा एक तास कमी करा.

६. पाण्याला विरजण
सगळ्यात जास्त मासे इथे मरतात, म्हणून हे नीट वाचा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग त्याचं नायट्रेट होतं, ते रोपं खातात. हे जिवाणू वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून रोपं लावून, फिल्टर सुरू करून, रोज चिमूटभर खाद्य टाकून थांबा. ओळखीच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर तो आत ठेवा. दुधाला जसं विरजण, तसंच हे, काम लवकर होतं. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.

७. मासे
टाकी तयार झाली की सहा ते आठ गप्पी पुरेत, तेही एकदम नाही, आधी तीन-चार. फक्त नर घेतले तर संख्या वाढत नाही. हिवताप टाळायला डबक्यांत सोडतात तेच हे गप्पी. गोल्डफिश नको, तो मोठा होतो, घाण जास्त करतो आणि रोपं उपटतो. 'टाकी साफ करतो' असं सांगून दुकानदार सकर मासा देईल. तोही नको; तो फूटभराहून मोठा होतो.

८. आठवड्याची शिस्त
गटाच्या बैठकीचा दिवस तोच टाकीचा दिवस ठरवा. पाव हिस्सा पाणी काढा, तेवढंच ठेवणीतलं पाणी भरा. सगळं पाणी एकदम कधीच बदलू नका. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

९. टाकीतलं काही नदीत नको
टाकीत आलेलं पाणी, रोपं, मासे यांतलं काहीही ओढ्यात, कालव्यात, नदीत सोडायचं नाही. उजनीच्या मच्छीमारांना विचारा. सकर मासा जाळ्यात येतो, त्याच्या काट्यांनी जाळं फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शोभेचा मासा म्हणून इकडे आला. जलपर्णीसुद्धा आपल्या देशात शोभेसाठीच आणली गेली. इंदापूरच्या काठावरच्या कित्येक घरांची चूल या धरणातल्या माशांवर पेटते. आपल्या हौसेची किंमत त्या बायांनी का मोजायची? काढलेलं पाणी परसबागेला घाला, खताचं काम करतं. छाटलेली रोपं उन्हात वाळवून मग खड्ड्यात टाका. नको झालेले मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या टाकीवालीला द्या.

१०. धंद्याचं गणित
तीन महिने टाकी चांगली चालली तर पुढचा विचार करा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला आहे आणि महिलांसाठी अनुदान ६० टक्के. म्हणजे १ लाख ८० हजार अनुदान आणि १ लाख २० हजार आपले. पण अनुदानाच्या भरवशावर आधी उधारी करू नका. योजना सध्या चालू आहे का, पैसे केव्हा हातात येतात, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या पुण्यातल्या कार्यालयात विचारा. आणि टाकी विकून धंदा संपत नाही. दर महिन्याच्या देखभालीचे पैसे ठरवून घेतले तरच नियमित मिळकत होते.

बैठकीत चर्चेसाठी
- आपल्या घरच्या पाण्याचा पातेल्यात थर बसतो का? प्रत्येकीने बघून यावं.
- टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडले तर ते का मरतात? आपल्या शब्दांत सांगा.
- गिऱ्हाइकाने "मासे आता नको" म्हटलं, तर आपण त्यांचं काय करू?
- टाकी, टेबल, दिवा, फिल्टर, रोपं, मासे यांचे भाव दोन दुकानांत विचारून वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.