बातमीतून धावफलक वेगळा काढताना

प्रश्न : क्रिकेटच्या मराठी बातम्यांतून संघ, धावा आणि बाद गडी पायथनच्या स्क्रिप्टने कसे वेचावेत?

उत्तर : धावफलकाचा साचा ठरलेला असतो : संघ, धावा, तिरकी रेघ, गडी. 2011च्या विश्वचषक अंतिम सामन्याची ‘श्रीलंका 274/6, भारत 277/4’ ही ओळ रेग्युलर एक्स्प्रेशनच्या तीन गटांत सहज बसते. 1983च्या अंतिम सामन्यात मात्र भारत सर्वबाद 183, वेस्ट इंडीज सर्वबाद 140; अशा वेळी रेघच नसते. म्हणून रेघ आणि गडी हा भाग ऐच्छिक ठेवावा, ‘सर्वबाद’ दिसल्यास गडी 10 धरावेत. ‘2/4/2011’सारख्या तारखा आधीच गाळलेल्या बऱ्या.

खरी मेख देवनागरीत आहे. पायथन 3मधील अंकांचा वर्ग ‘२७७’ही ओळखतो, त्याचा पूर्णांकही थेट होतो. शब्दाक्षरांचा वर्ग मात्र काना-वेलांटीला अक्षर मानत नाही. ‘भारत’ पहिल्याच कान्यापाशी तुटतो. त्यामुळे संघांच्या नावांची यादीच साच्यात घालणे सर्वांत भरवशाचे. यादीत ‘भारत अ’ हे ‘भारत’च्या आधी हवे, कारण पर्यायांपैकी जो आधी जुळेल तोच पायथन उचलतो.